चोवीस चिलापी

आमच्या गावाचं नाव चुईब्वे, म्हणजे पाण्याचं शेपूट. कालवा वरच्या अकरा गावांना पाजून झाला की उरलंसुरलं आमच्याकडे येतं, आणि त्याबरोबर त्या अकरा गावांच्या चपला, बाटल्या, एकदा तर चालू स्थितीतला टेबलफॅनही आला होता. त्या वर्षी चप्पलसुद्धा आली नाही. पाटबंधाऱ्याची गाडी भोंगा वाजवत गावातून फिरली आणि सांगून गेली, की यंदा भाताला पाणी नाही, शेतं पडीक ठेवा. गावानं ऐकलं. न ऐकायला हातात होतं काय?

बानतिक मात्र पहाटे चारला उठतच राहिला. शहात्तर वर्षांचा माणूस. साठ वर्षं या वेळेला उठून, फावडं खांद्यावर टाकून पाट फोडायला गेलेला. पाट कोरडा पडला म्हणून झोप थोडीच लांबते? तो शेतावर जाई, बांधावर बसे आणि उजाडलं की फावडं जसंच्या तसं कोरडं घेऊन परत येई.

"भेगा मोजून आलास, माकडा?" बोंगची चुलीपाशी रताळ्याची पेज ढवळत विचारायची. "कालच्यापेक्षा किती वाढल्या?"

"दोन."

"मग खाऊन घे. उद्या आणखी मोजायच्यात."

बोंगची त्याची बायको, वय चौऱ्याहत्तर. मुलगा हवा असताना मुलगी झाली की आमच्याकडे तेव्हा हेच नाव ठेवत. बोंगची, म्हणजे झालीच आहे तर पोसा. या नावाच्या आमच्या गावात चार बायका होत्या आणि चौघीही नवऱ्याच्या घरी सगळ्यांना पोसूनच म्हाताऱ्या झाल्या.

नव्या वर्षाच्या सणाला त्यांचा मुलगा चीह्योंग ताइचुंग शहरातून आला तो एक कागद घेऊन. सौरपट्ट्यांची एक कंपनी गावातली पडीक जमीन वीस वर्षांच्या करारानं मागत होती. जमिनीवर पट्ट्या बसतील आणि म्हातारा-म्हातारी ताइचुंगला सातव्या मजल्यावर बसतील, अशी एकूण मांडणी होती. लिफ्ट आहे, हे चीह्योंगनं तीनदा सांगितलं.

"मी शेतकरी आहे," बानतिक म्हणाला.

"कशाचे? शेतात गवतसुद्धा जगत नाही बाबा. आणि तुमच्या काळजात दोन स्प्रिंगा बसवल्यात."

स्प्रिंगांचं खरं होतं. दोन वर्षांपूर्वी एका पहाटे त्याला झटका आला होता. बानतिकनं अंगणात बोट दाखवलं. तिथे शेतकरी संघानं आदल्याच आठवड्यात वाटलेली निळी टाकी उभी होती. त्यात आठशे लिटर पाणी आणि चोवीस चिलापी मासे; टाकीच्या वर खडीचा वाफा आणि त्यात नाळीच्या भाजीची रोपं. मोटार माशांचं पाणी वर खडीत चढवते, भाजी माशांची घाण खाते, चोख पाणी परत खाली पडतं. तेच पाणी पुन्हापुन्हा. दुष्काळाला यापेक्षा चांगली चपराक संघाला सुचली नव्हती.

"यात जगवीन," बानतिक म्हणाला.

चीह्योंग हसला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. तो म्हणाला, "ठीक. राजेसाहेबांच्या जत्रेपर्यंत चोवीसच्या चोवीस जगवून दाखवा, कागद मी फाडतो. एक जरी कमी भरला तर सही करायची."

"दिला शब्द," बानतिक म्हणाला. बोंगचीला कोणी विचारलं नाही. तिनं तोवर वाट्या उचलल्या होत्या.

टाकी बसवायला संघाच्या ल्याव बाई आल्या होत्या. सव्वीस वर्षांची मुलगी, डोक्यावरचं हेल्मेट काढायला विसरून अर्धा तास शिकवायची. तिनं देवळापुढच्या वडाखाली सगळ्यांना बसवून सांगितलं, की मासा पाण्यात राहतो म्हणून त्याला हवा लागत नाही असं नाही. ही दुसरी छोटी मोटार बुडबुडे सोडते, ती कधी बंद करायची नाही. तरंगणारी झाडं सोडा, सावली होते, पाणी तापत नाही, शेवाळ धरत नाही. झाडं दिवसा पाण्याला प्राणवायू देतात. एवढं झालं आणि चहा आला. बानतिक चहाला उठला तो परत आलाच नाही. त्यानंतर ल्याव बाईंनी 'पण' म्हणून जे सांगितलं ते वडानं ऐकलं.

आता राजेसाहेबांचं. राजेसाहेब आमचे गावदेव, काळ्या तोंडाचे, वीतभर उंचीचे. त्यांची एक लाकडी मूर्ती आणि धूपपात्र दर वर्षी एका घरी मुक्कामाला असतं. कोणाच्या घरी, ते कौल लावून ठरतं. दोन लाकडी चंद्रकोरी जमिनीवर टाकायच्या. एक पालथी एक उताणी पडली तर होकार. दोन्ही पालथ्या, नकार. दोन्ही उताण्या पडल्या तर देव हसला, म्हणजे प्रश्नच चुकला. ज्याला लागोपाठ सर्वांत जास्त होकार, त्याच्या घरी देव. त्या वर्षी बोंगचीला सात मिळाले होते. त्यामुळे राजेसाहेब तिच्या मधल्या खोलीत बसले, त्याला लागून म्हातारा-म्हातारीची झोपायची खोली, आणि दोन्हींच्या मधोमध बाहेर भिंतीला घरातला एकुलता एक बाहेरचा प्लग. टाकी साहजिकच तिथे लागली.

मोटारी चालू झाल्या की घर्रर्र असा एक आवाज भिंतीत शिरायचा. तिसऱ्या दिवशी बोंगची म्हणाली, "राजेसाहेबांना आवाजाचा त्रास होतो."

"तुला कोणी सांगितलं?"

"कौल लावला. होकार आला."

"मग मोटार काय गळ्यात बांधून हिंडू?"

"दिवसभर चालू दे. पहाटे चार ते सहा बंद. सहाला माझा धूप होतो, मग लाव."

साठ वर्षांत बानतिक पाटबंधाऱ्याशी भांडला होता, शेजाऱ्यांशी भांडला होता, एकदा खासदाराच्या गाडीपुढे आडवा पडला होता. देवाशी आणि बोंगचीशी तो कधी भांडला नव्हता, आणि इथे तर दोघांची युती झाली होती. चारला तो मोटार बंद करू लागला. पण मनात धाकधूक. दोन तास हवा बंद, मग त्या दोन तासांची भरपाई कुठून करायची?

झाडं प्राणवायू देतात, एवढं त्याच्या लक्षात होतं. देवळामागच्या डबक्यात पाण्यावर तरंगणारी, कोबीच्या लहान गड्ड्यांसारखी झाडं होती. आम्ही त्यांना पाणकोबीच म्हणतो. त्यानं टोपलीभर आणली. मग आणखी एक टोपली. मग कालव्याच्या शेवटच्या चिखलातून जलपर्णी. खताच्या पोत्यावर छापलेलं प्रमाण हे आळशी शेतकऱ्यांसाठी असतं असं बानतिकचं आयुष्यभराचं मत होतं. ते त्यानं इथेही लावलं. एप्रिल सरता सरता टाकीत पाणी आहे हे सांगावं लागे. वर नुसती हिरवी गादी.

रोज तो टाकीपाशी गुडघे टेकून बसायचा. एक गड्डा बाजूला करून मुठीनं खाद्य टाकायचा, भोकातून चोवीस मोजायचा, गड्डा परत लावायचा. रोपांची पिवळी पानं खुडायचा. नाळीची भाजी हातभर वाढली होती, बोंगची ती लसूण घालून मोठ्या आचेवर परतायची आणि म्हणायची, "माशांनी केलेलं खातोय आपण." बानतिकला ते आवडायचं. बांधावर जाणं त्यानं बंद केलं. पहाटे चारला मात्र जाग यायची, तेव्हा तो अंधारात डोळे उघडे ठेवून निजून राहायचा आणि शेजारी बोंगचीही जागी आहे हे त्याला माहीत नसायचं.

मे महिन्यात पारा पस्तिसाच्या वर गेला आणि खाली यायचं विसरला.

एके दिवशी पहाटे पावणेसहाला बोंगची धूप घेऊन बाहेर आली तर टाकीवरची पानं हलत होती. वारा तर नव्हता. तिनं वाकून पाहिलं. पानांच्या फटींतून तोंडं वर आली होती. गोल, पांढुरक्या ओठांची. उघडत होती, मिटत होती, उघडत होती. सगळी एकाच लयीत, आणि सगळी राजेसाहेबांच्या दाराकडे.

बोंगचीच्या हातातला धूप गळायचा राहिला.

"ऊठ माकडा! मासे जप करतायत!"

बानतिकनं येऊन पाहिलं. त्यालाही तसंच दिसलं. सहाला तिनं मोटार लावली, जरा वेळानं तोंडं खाली गेली. धूप संपला, जप संपला. यापेक्षा आणखी काय पुरावा पाहिजे?

दुसऱ्या पहाटे शेजारणी आल्या. तिसऱ्या पहाटे अंगण भरलं. सुपारीवाला होक आपली टपरी टाकीपासून वीस पावलांवर ढकलत घेऊन आला आणि "आत चपला घालून जाऊ नका" असं लोकांना सांगू लागला, जणू टाकी त्याच्या आजोबांनी बांधली होती. लोक उदबत्त्या लावत होते. कोणी माशांपुढे संत्री ठेवली. रिकाम्या हाताला काम मिळालं की माणूस किती भक्तिमान होतो, ते त्या आठवड्यात आमच्या गावात दिसलं.

बोंगचीला माशांची ओळख होऊ लागली होती. "तो शेपूट तुटका, तो सगळ्यात मोठ्यानं करतो," ती सांगायची. "आणि ती कोपऱ्यातली बघितलीस? गालफुगी. तोंड उघडतच नाही. चार दिवस खातसुद्धा नाही."

"नास्तिक आहे," होक म्हणाला. "प्रत्येक गावात एक असतो."

चौथ्या पहाटे ल्याव बाई आल्या. बाजारात भाजीवाल्या बायकांकडून त्यांनी जप करणाऱ्या माशांबद्दल ऐकलं होतं आणि ऐकताक्षणी त्या निघाल्या होत्या. स्कूटर उभी करायचं भान नाही, ती तशीच आडवी झाली. त्या गर्दीतून आत घुसल्या, हेल्मेटसकट टाकीवर वाकल्या.

"काका! मोटार का बंद आहे?"

"धूप चाललाय," बानतिक दबक्या आवाजात म्हणाला. "हळू बोला. जप चालू आहे."

"जप नाही काका, गुदमरतायत ते! वरच्या थरातली हवा ओढतायत. मी सांगितलं नव्हतं का, झाडं दिवसा प्राणवायू देतात पण अंधारात तीही श्वास घेतात? तिसरा हिस्सा झाकायचा, सगळी टाकी नाही! गरम पाण्यात आधीच हवा कमी, त्यात झाकण, त्यात मोटार बंद. पहाट म्हणजे सगळ्यात वाईट वेळ!"

तेवढ्यात पाणकोबीच्या दोन गड्ड्यांमधून शेपूट तुटका वर आला, तो पोट वर करून.

बानतिक पुढे झाला आणि दोन्ही हातांनी पानं उपसून अंगणात फेकू लागला. ल्याव बाई प्लगकडे धावल्या.

"हात लावू नकोस पोरी!" बोंगची आडवी आली. "राजेसाहेबांची मनाई आहे."

"काकू, मरतील ते!"

"विचारते. पुन्हा विचारते." बोंगचीनं चंद्रकोरी टाकल्या. "राजेसाहेब, मोटार लावू?" दोन्ही पालथ्या. नकार. पुन्हा टाकल्या. नकार.

"राजेसाहेबांना जत्रेत फटाके चालतात," होक म्हणाला, "ढोल चालतात, तुझ्या नणंदेचं गाणं चालतं. आणि एवढीशी मोटार चालत नाही?"

"तू गप, सुपारीच्या!"

"मग पाणी उंचावरून पाडा," ल्याव बाई ओरडल्या. "पाणी पडताना हवा घेऊन पडतं. भांडी आणा, काहीही आणा!"

बानतिकनं पेजेचा ओगराळा उचलला. टाकीतून भरायचा, डोक्यावर न्यायचा, ओतायचा. भरायचा, न्यायचा, ओतायचा. होकनं चुन्याचा डबा रिकामा करून धुतला. बायकांनी उदबत्त्या जमिनीत खोचल्या आणि कढया, तांबे, आंघोळीचे मग आणले. बारा-पंधरा माणसं एका टाकीभोवती खांद्याला खांदा लावून पाणी उचलून त्याच पाण्यात टाकत होती. बाहेरच्या कोणी पाहिलं असतं तर गावाला उन्हानं वेड लागलं असंच म्हणाला असता. पाणी खळखळत होतं. पाण्याच्या शेपटाला तो आवाज वर्षभरानं ऐकू आला.

बोंगची दारातच होती. तिसऱ्यांदा चंद्रकोरी टाकायला तिनं हात उचलला आणि थांबली. त्या खळखळाटातही तिला दुसरं काहीतरी ऐकू आलं. बानतिकचा श्वास. तुटक, वरवरचा, शीळ घातल्यासारखा. ओगराळा आता खांद्यापर्यंतच जात होता. ओठ पांढरे. तोंड उघडत होतं, मिटत होतं, उघडत होतं.

चंद्रकोरी तिच्या हातून तशाच पडल्या. कशा पडल्या ते तिनं पाहिलंच नाही. ती भिंतीपाशी गेली आणि तिनं स्वतः प्लग खुपसला. घर्रर्र. बुडबुडे वर आले.

"ठेव तो ओगराळा," ती बानतिकला म्हणाली. "ठेव म्हणते ना! बस खाली."

तो बसला. ती त्याच्यापुढे उकिडवी बसली आणि सगळ्या गावासमोर, पण त्याच्याचकडे बघत बोलली. "राजेसाहेबांना कसला त्रास! मला होतो. हे घर्रर्र चालू असलं की तुझा श्वास ऐकू येत नाही. तेव्हासुद्धा पहाटेच झालं होतं ना? तुझं घोरणं थांबलं म्हणून मला जाग आली, म्हणून दवाखाना गाठला. तेव्हापासून चार ते सहा मी ऐकत पडते."

"दोन वर्षं?"

"तुला काय वाटलं, मला झोप येत नाही म्हणून?"

"मग सांगायचं ना म्हातारे."

"काय सांगू? रोज उठून विचारू, जिवंत आहेस का?"

बायका पदर नसताना पदर शोधू लागल्या. होकनं चुन्याच्या डब्यानं पाणी उपसणं चालूच ठेवलं होतं, त्याला थांबायचं सुचेना. मग बोंगची उठली, राजेसाहेबांपुढे गुडघे टेकले, देवाचं नाव खोटं वापरल्याची माफी मागितली आणि कौल लावला. दोन्ही उताण्या. देव हसला. पुन्हा लावला. पुन्हा हसला. तिसऱ्यांदा होकार आला, तोही एक चंद्रकोर बराच वेळ जमिनीवर डोलल्यावर.

शेपूट तुटका सोडून बाकीचे खाली गेले. आपोआप मेलेला मासा देवाला चालत नाही, मांजराला चालतो. तेवीस राहिले. बानतिकनं ते दिवसभरात पाच वेळा मोजले, आकडा तोच.

पानं तिसऱ्या हिश्शापुरती ठेवली, ल्याव बाईंनी स्वतः मोजून दोरी बांधून दिली. मोटार रात्रंदिवस चालू. चार दिवसांनी वडाखाली बानतिक कुरकुरत होता, "पस्तीस डिग्री उकाडा, आणि ही बाई छातीवर हात ठेवून झोपते. वाफेतून काढलेल्या पावासारखा गरम हात. उचलला तर परत ठेवते."

"मग उचलतोस कशाला?" होकनं विचारलं.

"परत ठेवते का ते बघायला."

आठवड्याभरानं, जत्रेच्या दिवशी चीह्योंग आला. कागद खिशात, पेन कागदाला खोचलेलं. राजेसाहेब पुढच्या वर्षाच्या घरी निघायचे होते. ढोल वाजत होते, फटाक्यांची लाल कागदं अंगणभर झाली होती. नैवेद्याच्या पाटावर डुकराचं मांस, अख्खी कोंबडी आणि बानतिकच्या टाकीतली चिलापी, हाताच्या कोपरापर्यंत लांब.

"पाटावरची धरून मोजतो," चीह्योंग म्हणाला. मनानं तो वाईट नव्हता. त्यानं दोरी सोडली, पानं एका बाजूला सारली आणि वाकून मोजलं. बावीस. पुन्हा मोजलं. बावीस, अधिक पाटावरची एक. त्यानं बापाकडे पाहिलं. तिसऱ्यांदा त्यानं फार सावकाश मोजलं. एखादी सापडावी असं त्यालाही वाटत असावं.

"एक कमी आहे, बाबा."

"माहीत आहे." बानतिकनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. कपाळाचा टोपीखालचा भाग लहान मुलासारखा गोरा होता. "शब्द म्हणजे शब्द. दे पेन."

"थांब," बोंगची म्हणाली. "मोजणी झाली नाही."

ती आली, बाजूला सारलेल्या पाणकोबीतला सगळ्यात मोठा गड्डा तिनं पसाभर पाण्यासकट अलगद उचलला आणि मुलाच्या नाकासमोर धरला. खाली मुळांची पांढरी दाढी लोंबत होती. दाढीत, तिच्या ओंजळीतल्या पाण्यात, काहीतरी लुकलुकलं. डोळे. तांदळाच्या कणीएवढी पिल्लं, दोन डोळे आणि एक घाई. तिनं गड्डा परत सोडला तशी ती सगळी मुळांतून बाहेर उधळली आणि कोपऱ्यातल्या गालफुगीकडे पळाली. गालफुगीनं तोंड उघडलं. गावानं ते पहिल्यांदाच उघडलेलं पाहिलं. पिल्लं एकेक करून आत गेली आणि तोंड मिटलं.

"अरेच्चा," होक म्हणाला. "नास्तिक कसली, बाळंतीण होती!"

"तोंडात वाढवतात त्या पोरं," ल्याव बाई म्हणाल्या. "पंधरा-पंधरा दिवस उपाशी राहतात. तोंड उघडलं तर पोर बाहेर. त्या पहाटेसुद्धा तिनं उघडलं नाही."

चीह्योंग गुडघ्यावर बसून मोजू लागला. बाकीच्या गड्ड्यांखालीही होतीच. त्या टाकीत बाळंतिणी एकीपेक्षा जास्त होत्या. एकोणसाठपर्यंत पोचला, मग दोन पिल्लांनी जागा बदलल्या आणि तो पुन्हा एकपासून लागला. बानतिक टोपी गुडघ्यावर धरून तसाच बसलेला. गावातल्या निम्म्या लोकांनी मनातल्या मनात मोजायला सुरुवात केली होती आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा येत होता.

"ही चोवीसात धरायची नव्हती," चीह्योंग शेवटी म्हणाला. आवाजात जोर नव्हता.

"कमी भरला तर सही, असं म्हणाला होतास," बोंगची म्हणाली. "सांग ना, कमी भरलाय?"

"आई, पण एवढ्यांचं करायचं काय? टाकीत मावणार नाहीत."

"काय करायचं म्हणजे? झालीच आहेत, तर पोसायची."

ती हे सहज बोलली आणि हात नेसूच्या कापडाला पुसत राजेसाहेबांची पालखी बघायला वळली. ढोल जवळ आले होते. चीह्योंगनं खिशातून कागद काढला. पेन त्याला खोचलेलं होतंच. त्यानं कागद गुडघ्यावर पालथा घातला, कोऱ्या बाजूला 'टाकी दुसरी' असं लिहिलं आणि ढोलांच्या वर आवाज काढून विचारलं, "आई, मोटार कुठली आणू? एक बिनआवाजाची मिळते, बघू का?"

"कुठलीही आण," बोंगची ओरडली. "आवाजाचं मला आता काही नाही."